ताठा कोठून येतो?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पोलादपूर येथे कार्यकर्त्यांचा एक छोटा अभ्यासवर्ग झाला. विषय ग्रामसभेच्या अधिकारांचा होता. परंतु दुपारच्या चहानंतर चर्चा भलतीकडेच वळली. एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, सर्वांत मगरूर माणसे कोणत्या व्यवसायात सापडतात?" प्रश्न गमतीने विचारलेला होता, उत्तरे मात्र गमतीची नव्हती. कोणी तलाठ्याचे नाव घेतले, कोणी फौजदाराचे, कोणी शहरातल्या मोठ्या डॉक्टरचे, कोणी वकिलाचे. प्रत्येक उत्तरामागे एखादा हेलपाटा होता, एखादा गिळलेला अपमान होता. शेवटी मागे बसलेल्या एक वयस्क बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, मास्तर राहिले की." सगळे हसले, मीही हसलो. परंतु महाडला परतताना एस.टी.त ते वाक्य माझी पाठ सोडीना.

तेव्हा या प्रश्नाचा थोडा गंभीरपणे विचार करावयास हवा. प्रथम एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या कामाचा अभिमान असणे हा दोष नव्हे. ओळंबा लावून सरळ भिंत उभी करणारा गवंडी मान ताठ ठेवून बोलतो, आणि त्याने तसेच बोलावे. ज्याला आपण ताठा म्हणतो तो निराळा. समोरच्या माणसाला आपणांस प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाही, हे गृहीत धरून वागणे म्हणजे ताठा. गवंड्याला घरमालक 'ही भिंत वाकडी का?' असे विचारू शकतो. तलाठ्याला कूळ तसे विचारू शकत नाही. खरा भेद येथे आहे.

मगरूर माणसे विशिष्ट व्यवसायांकडे ओढली जातात, की ते व्यवसायच माणसांना मगरूर करतात? तीसहून अधिक वर्षे अध्यापन केल्यामुळे या बाबतीत मला थोडे सांगता येईल. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, बोलताना अडखळणारी कितीतरी मुले पुढे खुर्चीवर गेलेली मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी ती उभी राहून अर्जदाराशी बोलत. पाच वर्षांनी तीच मुले कागदावरून नजर न उचलता 'उद्या या' म्हणू लागली. त्यांचा मूळ स्वभाव वाईट होता असे मी म्हणणार नाही. खुर्चीच्या रचनेतच काहीतरी असते.

माझ्या मते ही रचना तीन गोष्टींनी बनते. समोरच्या माणसाला जाण्यास दुसरे दार नसते, ही पहिली. आपले म्हणणे खरे की खोटे हे त्याला तपासता येत नाही, ही दुसरी. आणि आपण चुकलो तर किंमत आपण मोजीत नाही, तो मोजतो, ही तिसरी. या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे सज्जन माणूसही हळूहळू ताठर होतो. यांतली एक जरी काढून घेतली, तरी ताठा उतरू लागतो.

आपल्या भागात याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे खोत. खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा मध्यस्थ. परंतु कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत तो गावाचा धनीच होऊन बसला. कुळाला दुसरे दार नव्हते, कारण गावची जमीन खोताच्या हाती. हिशेब तपासता येत नव्हता, कारण वही खोताची आणि अक्षरओळखही त्याचीच. पीक बुडाले तर उपाशी राहावयाचे ते कुळाने. वर खोताच्या घरची वेठ होतीच. या जिल्ह्यातच, अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ साली. त्या कायद्याने खोतांना नम्रतेचे धडे दिले नाहीत. त्याने सरकार आणि शेतकरी यांच्यामधला हा दलालच काढून टाकला. एरवी शंभर कीर्तनांनी जे झाले नसते, ते काही अंशी तरी या कायद्याने झाले.

दुसरे उदाहरण महाडच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. ते या दृष्टीने पुन्हा पाहावे, एवढेच माझे म्हणणे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी लोक प्रत्यक्ष पाणी प्यावयास गेले, तेव्हा मार खाऊन परतले. नंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेण्यात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हे सांगण्याचा मक्ता ज्या व्यवसायाकडे होता, त्याच्याइतका ताठर व्यवसाय या देशात दुसरा झाला नाही. त्याचे शास्त्र इतरांनी वाचावयाचे नव्हते, त्याचा निर्णय कोणी तपासावयाचा नव्हता आणि त्याची किंमत तहानलेल्यांनी मोजावयाची होती. परंतु हा ताठा रक्तातून येत नाही, याचा पुरावाही महाडनेच दिला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. पुढे वाद न्यायालयात गेला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तळ्याचा हक्क शाबीत झाला. 'पुरावा दाखवा' असे विचारणारे कोणी भेटल्यावर अनादि रूढीचा दावा टिकला नाही.

आता डॉक्टरांकडे वळू. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही बाजारातल्या इतर मालासारखी नसते, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. आंबे घेताना आपण वास घेतो. शस्त्रक्रियेचा वास घेता येत नाही. म्हणून या व्यवसायात ताठा लवकर रुजतो. तरीही तो अटळ नाही. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशाने माणसे, विशेषतः लहान मुले मरत होती आणि पुस्तकांत उपाय सापडत नव्हता. 'पुस्तकात नाही, तेव्हा आमचा इलाज नाही' असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. त्याऐवजी ते रोग्याच्या उशाशी बसले, रात्र-रात्र लक्षणे टिपून ठेवू लागले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसीन या औषधाच्या वापराने, जेथे शंभरातले चाळीसच्या आसपास रोगी दगावत, तेथे हे प्रमाण एकाच्या जवळपास आले. मला येथे त्यांच्या स्वभावाची थोरवी गावयाची नाही. रोग्याचे शरीर आपल्या ज्ञानाची परीक्षा घेत आहे, आणि त्या परीक्षेत आपण नापास होऊ शकतो, हे त्यांनी मान्य केले. ज्ञानाला नम्र ठेवणारी गोष्ट एवढीच.

तिसरी अट, म्हणजे चुकीची किंमत दुसऱ्याने मोजणे, ही आपल्या डोळ्यांसमोर सावित्रीच्या पुरात उभी राहिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा, १९२८ साली बांधलेला पूल कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहन नदीत गेले. सुमारे चाळीस माणसे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस सुरक्षित आढळला होता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. तपासणाऱ्यांच्या मनात ताठा होता, असा आरोप मी करीत नाही. तसे म्हणण्यास माझ्यापाशी आधार नाही. मी केवळ रचनेकडे बोट दाखवितो. 'सुरक्षित' हा शब्द लिहिणारा हात एक होता आणि त्या शब्दाच्या भरवशावर रात्री नदी ओलांडणारी माणसे निराळी होती. त्यांपैकी कोणालाही तो कागद पाहण्यास मिळालेला नव्हता. चालकाच्या जागेवर बसलेल्या माणसाची चूक त्याच्यासकट सर्वांना बुडविते. म्हणून आंबेनळी घाटात गाडी चालविणारा फार काळ मगरूर राहू शकत नाही. वळण त्याला रोज विचारते.

आता त्या बाईंच्या वाक्याकडे यावयास हवे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी वर्गात छुपी बेकारी शिकवीत होतो. शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे असतात, काही काढून घेतली तरी उत्पन्न घटत नाही, हा सिद्धांत. पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्याकडे नाचणीच्या लावणीला माणूसच मिळत नाही. सगळे मुंबईला." मी त्याला सांगितले, "आधी पुस्तकात काय आहे ते वाच, मग तुझ्या वाडीचे सांग." वर्ग हसला. तो मुलगा वर्षअखेरपर्यंत पुन्हा बोलला नाही. काही वर्षांनी त्याच डोंगरातल्या वाड्यांची पाहणी करण्याचा योग आला. वरकस जमिनी पडीक होत्या, घराघरांतून म्हातारी माणसे आणि मनीऑर्डरीच्या पावत्या होत्या. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली हाच आक्षेप घेतला होता, तोही भारतातील १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचे आकडे देऊन: माणसे गेली तेव्हा पेरा घटला. त्यांचे आकडे अमर्त्य सेन यांनी खोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि वाद रंगला. तो वाद मी परीक्षेत विचारीत असे. परंतु वादाचा जिवंत साक्षीदार समोर उभा राहिला तेव्हा मी त्याला खाली बसविले. माझ्याही खुर्चीत तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या: त्याला दुसरा प्राध्यापक नव्हता, गुण माझ्या हातात होते, आणि चूक माझी असली तरी गप्प तो झाला.

ॲडम स्मिथ याने १७७६ सालीच आम्हा प्राध्यापकांचे निदान करून ठेवले होते. वेतन विद्यार्थ्यांवर अवलंबून नसेल तर शिक्षक शिकविण्याची टाळाटाळ करतो, असे त्याचे म्हणणे. निदान बरोबर आहे, पण स्पर्धेचा त्याचा उपाय आपणांस पुरणारा नाही. ज्या डोंगरात एकच डॉक्टर आणि एकच शाळा आहे, तेथे बाजार दुसरे दार कोठून उघडणार? तेथे उपाय एकच: खालून विचारता येण्याचा हक्क. माहितीचा अधिकार २००५ साली देशभर आला, महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली झाला. 'उद्या या' या उत्तराला आज कायद्याने मुदत आहे. परंतु तो कायदा आपल्या किती वाड्यांपर्यंत पोहोचला?

येथे आपल्याच घरात डोकवावे लागेल. दाखला, शिधापत्रिका, निराधार योजनेचा अर्ज अशी कामे करून देणारा कार्यकर्ता लोकांना प्रिय होतो. मग हळूहळू त्याच्यावाचून काम होत नाही, अशी समजूत रूढ होते. ती त्यालाही सुखावते. कोणत्या कागदाला काय लागते हे तो सांगेनासा होतो, 'माझ्याकडे द्या, मी पाहतो' म्हणू लागतो. काम बिघडले तर हेलपाटा म्हातारीचा. मित्रहो, हा खोत आहे. त्याच्या हातात आपला झेंडा आहे एवढाच फरक.

म्हणून नम्रतेवर व्याख्याने देण्यापेक्षा एक साधी सवय लावून घ्यावी. एखाद्याचा अर्ज भरून दिला तर पुढचा अर्ज त्याला स्वतः भरता येईल, इतके त्याला शिकवावे. अभ्यासवर्गात शेवटचा अर्धा तास वक्त्याने गप्प बसावे आणि मागच्या रांगेने विचारावे. पुढच्या वर्गाला त्या बाईंना पहिल्या रांगेत बसविण्याचे मी आयोजकांना सुचविले होते. त्यांनी निरोप पाठविला की आपण मागेच बसू, तेथून सगळे दिसतात.