पाठ थोपटणे आणि कान धरणे



हौशी चित्रकार ऑनलाइन फक्त परस्परांची पाठ थोपटतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत एकांगी वाटते. सिएटलचे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये ऑनलाइनच सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या चित्रकारांच्या समूहाचा दंडक आहे : जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहूनच चित्र काढायचे. त्यामुळे प्रतिक्रियाही नेमकी मिळते. मी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा रंगवून चित्र समूहात टाकले, तेव्हा एका अनोळखी जाणकाराने लिहिले, ‘बुरूज छान, पण सावल्या दोन दिशांना पडल्यात!’ हे पाठ थोपटणे नव्हे, कान धरणे झाले. वाहवा स्वस्त आहे, हे मान्य. पण ‘काय चुकले?’ असे आपण विचारले, तर सांगणारे भेटतात.

– एक हौशी चित्रकार, पुणे