पीडितांचा आधार संस्थेच्या दाराबाहेरच हवा

दिनांक ६ जानेवारी २००२ रोजी अमेरिकेतील 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने एक वृत्तमालिका सुरू केली आणि जगभरातील कॅथलिक चर्चला हादरा बसला. जॉन गेगन या पाद्र्याविरुद्ध १३० हून अधिक व्यक्तींनी बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती. त्याच्या वर्तनाची माहिती वरिष्ठांना होती, तरीही त्याला एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये धाडले जात होते. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. मात्र २००४ मध्ये त्यांची रोममधील एका प्रमुख बॅसिलिकेवर सन्मानाने नियुक्ती झाली. कार्डिनलांची सोय लागली. ज्यांचे बाल्य करपले, त्यांची सोय कोणी पाहिली, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जात आहे.

या प्रकरणांची चर्चा बहुधा अपराध्यांभोवती फिरते. किती पाद्री, किती बिशप, कोणाला किती शिक्षा, याचे हिशेब मांडले जातात. जॉन जे महाविद्यालयाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९५० ते २००२ या काळात अमेरिकेत ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाले आणि १०,६६७ व्यक्तींनी अत्याचाराची तक्रार केली. हे आकडे भयावह आहेतच. परंतु यातील प्रत्येक आकड्यामागे एक माणूस आहे आणि तो तक्रार करूनही पुढची तीस-चाळीस वर्षे जगणार आहे. त्याला काय हवे असते, याकडे समाजाचे लक्ष फार उशिरा गेले.

धर्मगुरूने केलेल्या अत्याचाराचे स्वरूप इतर गुन्ह्यांहून वेगळे असते. अनोळखी माणसाने इजा केली तर मूल घराकडे धावते, देवाकडे धावते. येथे इजा करणारा स्वतःच देवाचा प्रतिनिधी म्हणून घरात मानाने वावरत असतो. आईवडील त्याच्या पाया पडतात, शेजारी त्याचे गुण गातात. मुलाने तोंड उघडले तर पहिली थप्पड घरातच बसते. श्रद्धा, कुटुंब आणि समाज हे तिन्ही आधार एकाच वेळी हिरावले जातात. म्हणूनच असे पीडित बोलतात ते अतिशय उशिरा. संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनला असे आढळले की, आपल्यावर काय ओढवले हे दुसऱ्याला सांगण्यास पीडितांना सरासरी २३.९ वर्षे लागली. दहा वर्षांचे मूल चौतिसाव्या वर्षी बोलते, असा याचा अर्थ.

या लोकांना पहिला आधार दिला तो दुसऱ्या पीडितांनीच. शिकागोच्या बार्बरा ब्लेन यांच्यावर किशोरवयात एका पाद्र्याने अत्याचार केला होता. त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'स्नॅप' ही संघटना उभी केली. कोणा बिशपचे मिंधेपण नसलेल्या जागी समदुःखी माणसांनी एकत्र बसावे, एकमेकांचे ऐकावे, एवढाच या कार्याचा प्रारंभ होता. आयर्लंडमध्ये कोल्म ओगॉर्मन यांनी 'वन इन फोर' ही संस्था उभारली, तीही स्वतःच्या अनुभवातून. फ्रान्समधील ल्यों शहरात २०१५ मध्ये 'ला पारोल लिबेरे' ही संघटना याच वाटेने गेली. धनबळ नाही, राजाश्रय नाही, तरीही या छोट्या गटांनी जे साधले ते बलाढ्य यंत्रणांना साधले नव्हते. पीडिताला त्यांनी प्रथमच सांगितले की, दोष तुझा नाही आणि तू एकटाही नाहीस.

चर्चने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जून २००२ मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी डॅलस येथे एक सनद स्वीकारली. प्रत्येक धर्मप्रांतात पीडितांच्या साहाय्यासाठी एक समन्वयक नेमावा आणि समुपदेशनाची व्यवस्था व्हावी, असे त्यात ठरले. अनेकांना त्यातून उपचार मिळाले. व्हॅटिकनने २०१९ मध्ये तक्रारी नोंदविण्याची पद्धत सर्व धर्मप्रांतांना बंधनकारक केली आणि अशा प्रकरणांवरील धर्मपीठीय गोपनीयतेचे बंधन उठविले. तथापि, या साऱ्या व्यवस्थेत एक मूलभूत वैगुण्य आहे. ज्या संस्थेविरुद्ध तक्रार, तिचाच अधिकारी तक्रार ऐकणार, तिचाच निधी उपचारांना पुरणार आणि तिचाच वकील भरपाईचा आकडा ठरविणार. आपल्याच दाव्यात आपणच न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे प्राथमिक तत्त्व येथे बाजूला पडते.

याचे प्रत्यंतर ऑस्ट्रेलियात आले. तेथे १९९६ मध्ये मेलबर्न धर्मप्रांताने स्वतःची भरपाई योजना काढली. परंतु तिला सुरुवातीस ५० हजार डॉलरची कमाल मर्यादा घातली. हे नाकारून न्यायालयात जावे, तर तेथेही वाट बिकट होती. २००७ च्या एलिस खटल्यात न्यायालयाने असा निर्णय दिला की, चर्च ही दावा लावता येईल अशी कायदेशीर व्यक्तीच नाही आणि चर्चची मालमत्ता धारण करणारे विश्वस्त पाद्र्याच्या कृत्यास उत्तरदायी नाहीत. मालमत्ता आहे, संस्थेचे वैभव आहे, पण दावा लावावा असा कोणी नाही! व्हिक्टोरिया राज्याने हा बचाव २०१८ मध्ये कायदा करून मोडीत काढला.

राज्यसंस्था पुढे आली तेव्हाच चित्र पालटू लागले. आयर्लंडमध्ये चर्चसंचालित निवासी संस्थांतील मुलांच्या छळावर १९९९ मध्ये दूरचित्रवाणीवर मालिका प्रसारित झाली. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. २००० मध्ये शासनाने प्रौढ पीडितांसाठी मोफत राष्ट्रीय समुपदेशन सेवा सुरू केली. २००२ मध्ये भरपाई मंडळ आले आणि २००९ मध्ये रायन आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. पण येथेही गफलत झाली. भरपाईसाठी अर्ज करणाऱ्याने आपल्या दाव्याचा व मिळालेल्या रकमेचा तपशील जाहीर केल्यास त्याला शिक्षेची तरतूद कायद्यात होती. आयुष्यभर ज्याला गप्प बसविले, त्याला भरपाईच्या बदल्यात पुन्हा गप्प केले गेले. शिवाय एकूण खर्च एक अब्ज युरोच्या पुढे गेला असता धार्मिक संघांशी झालेला मूळ करार केवळ १२ कोटी ८० लाख युरोंचा होता. उरलेला भार करदात्यांनी वाहिला.

या अनुभवांतून शिकून अधिक विचारपूर्वक रचना झाली ती ऑस्ट्रेलियात. २०१३ ते २०१७ या काळात रॉयल कमिशनने आठ हजारांहून अधिक पीडितांचे कथन खाजगी बैठकींत ऐकून घेतले. तेथे उलटतपासणी नव्हती, समोर आरोपीचा वकील नव्हता. आपले म्हणणे राज्याच्या प्रतिनिधीने शांतपणे ऐकले, यानेच अनेकांच्या मनावरचा भार उतरला. पुढे १ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय परिमार्जन योजना सुरू झाली. तिचे तीन भाग आहेत: दीड लाख डॉलरपर्यंत रक्कम, समुपदेशन आणि पीडिताची इच्छा असल्यास संबंधित संस्थेच्या जबाबदार व्यक्तीने समोर येऊन केलेली क्षमायाचना. पैसा, उपचार आणि प्रतिष्ठा यांची गल्लत न करता तिन्हींची स्वतंत्र दखल घेतली गेली, हे या योजनेचे मर्म होय.

आणखी एक अडसर म्हणजे दाव्याची मुदत. जो चौतिसाव्या वर्षी बोलू लागतो, त्याचा दावा कायद्याने केव्हाच कालबाह्य झालेला असतो. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा करून जुन्या दाव्यांसाठी मर्यादित काळाची खिडकी उघडली. ऑगस्ट २०२१ मध्ये ती बंद होईपर्यंत विविध संस्थांविरुद्ध दहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले. इतकी माणसे तोवर केवळ दार उघडण्याची वाट पाहत होती.

भारताकडे वळले असता चित्र संमिश्र दिसते. कायदा दुबळा नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने तेथील बालकावर केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला आहे. गुन्ह्याची माहिती असून ती न कळविणे हाही गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाने ती दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास आहे. बालकासोबत तपासापासून निकालापर्यंत राहणारी साहाय्यक व्यक्ती नेमण्याची तरतूद नियमांत आहे. पीडितावर कोणत्याही रुग्णालयात, ते सरकारी असो वा खाजगी, तातडीने मोफत उपचार झाले पाहिजेत. महाराष्ट्रात २०१३ पासून अर्थसाहाय्य व पुनर्वसनासाठी 'मनोधैर्य' योजना आहे. बालकांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. 'सखी' केंद्रांत पोलीस, वैद्यकीय आणि कायदेशीर साहाय्य एका छताखाली मिळावे, अशी योजना आहे.

उणीव आहे ती पीडिताच्या पाठीशी शेवटपर्यंत उभे राहणाऱ्या माणसांची. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात एका पाद्र्याला अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती पुढे दहा वर्षांवर आणली. या खटल्यात ती मुलगी आणि तिचे आईवडीलही साक्ष देताना फिरले होते. डीएनए चाचणीसारखा पुरावा नसता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. कुटुंबावर किती दडपण असेल तेव्हा आईबापाची जीभ अशी वळते!

मात्र हा रोग केवळ चर्चचा आहे, असे मानून हिंदू समाजाने निश्चिंत राहणे आत्मवंचना ठरेल. आसारामला जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराबद्दल जन्मठेप सुनावली. ही मुलगी त्याच्या भक्त कुटुंबातीलच होती. त्याच्याविरुद्धच्या प्रकरणांतील साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे प्राण गेले. अशाच एका साक्षीदाराने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्या याचिकेतून डिसेंबर २०१८ मध्ये देशव्यापी साक्षीदार संरक्षण योजना साकारली. सिरसा येथील डेऱ्याच्या प्रमुखावरील आरोपांना २००२ मध्ये वाचा फुटली ती एका साध्वीच्या निनावी पत्राने. दोषसिद्धी झाली २०१७ मध्ये. भगवी वस्त्रे हे त्यागाचे प्रतीक आहे. त्यांच्या आड दडलेल्या अपराध्याला पाठीशी घालणे म्हणजे त्या वस्त्रांचाच अवमान होय. धर्माची प्रतिष्ठा पीडिताला गप्प करून नव्हे, त्याला न्याय देऊन राखली जाते.

आणखी एका गटाकडे कोणाचेच लक्ष नाही. अमेरिकेतील त्या अहवालात पीडितांपैकी सुमारे ८१ टक्के मुलगे होते. आपल्याकडे पोक्सो मुलग्यांनाही संरक्षण देतो. परंतु २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रौढ पुरुषावरील बलात्कारासाठी कलमच नाही. 'सखी' केंद्रे स्त्रियांसाठी आहेत. वेदपाठशाळेत, मदरशात वा सेमिनरीत शिकणारा एकोणीस वर्षांचा तरुण कोणाकडे जाणार?

तेव्हा मठ, मंदिर, आश्रम, चर्च, मदरसा अशा सर्वच संस्थांना एकच कसोटी लावावी लागेल. तक्रार ऐकणारा संस्थेबाहेरचा असावा. पहिली सूचना गुरूला नव्हे, पोलिसांना जावी. समुपदेशकाची निवड पीडिताने करावी आणि खर्च संस्थेने उचलावा, पण मौनाची अट न घालता. समाजातील सेवाभावी वकील, डॉक्टर आणि समुपदेशक यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत पुढे येऊन साहाय्यक व्यक्ती म्हणून नाव नोंदवावे. शासकीय योजनांना प्राण येतो तो अशा माणसांमुळेच. आणि घराघरांत आईवडिलांनी एवढे तरी ठरवावे की, मूल कोणत्याही पूज्य व्यक्तीविषयी काही सांगू लागले तर आधी त्याचे ऐकायचे. तेवीस वर्षांचे मौन तेवीस मिनिटांत टळू शकते, जर समोरचे माणूस ऐकून घेणारे असेल.