गावे की ओठ हलवावे?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील एक प्रसंग येथे सांगावा की सांगू नये, ह्याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. सांगितल्याने आमचीच नाचक्की होणार आहे. तथापि तो सांगितल्यावाचून पुढचे म्हणणे वाचकांस पटावयाचे नाही. आठवीतील एक विद्यार्थिनी भावगीत सादर करीत होती. सादर करीत होती म्हणजे, पडद्याआड एका थोर गायिकेचे ध्वनिमुद्रित गाणे चालले होते आणि ही मुलगी ध्वनिक्षेपकापुढे ओठ हलवीत उभी होती. दुसरे कडवे निम्म्यावर आले असेल नसेल, तोच कोणाच्या तरी पायात अडकून यंत्राची तार सुटली. गाणे थांबले. मुलीचे ओठ मात्र आणखी तीन-चार शब्दांपर्यंत तसेच हलत राहिले. सभागृहात हशा पिकला आणि ती मुलगी तोंडावर ओढणी घेऊन आत निघून गेली.

त्या मुलीचा गळा चांगला आहे. वर्गात ती कविता चालीवर म्हणते तेव्हा शेजारच्या वर्गातील मुले खिडकीशी येतात. मग ती स्वतः का गायली नाही? "चुकलीस तर चारचौघांत शोभा होईल, त्यापेक्षा तयार गाणे लावू," असा सल्ला तिला दुसऱ्या कोणी नव्हे, आम्हीच दिला होता.

हे शल्य मनात असतानाच यंदा दहावीतील चार मुले आमच्याकडे आली आणि संमेलनात 'बोहेमियन रॅप्सडी' सादर करण्याची परवानगी मागू लागली. शिक्षकांच्या खोलीत अर्थातच कपाळांना आठ्या पडल्या. इंग्रजी गाणे, तेही रॉक बँडचे, आणि त्यात एक तरुण आपल्या आईपाशी खुनाची कबुली देतो! हे मराठी शाळेच्या रंगमंचावर कसे चालावे? ह्या आक्षेपास आम्ही फारसे महत्त्व देत नाही. ज्या मुलांना आपण महाभारत आणि शेक्सपिअर शिकवतो, त्यांना खून ठाऊक नाही असे समजण्यात अर्थ नाही. आमचा प्रश्न निराळाच होता. तुम्ही गाणार की ओठ हलवणार, एवढेच आम्ही मुलांना विचारले. मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

'क्वीन' ह्या इंग्लंडातील बँडने हे गाणे १९७५ साली ध्वनिमुद्रित केले. त्या ऑगस्टच्या अखेरीस वेल्समधील रॉकफील्ड येथील स्टुडिओत काम सुरू झाले. गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी. आरंभी पियानोच्या साथीने संथ गायन, शेवटी गिटार आणि ढोल ह्यांचा कल्लोळ, आणि मध्ये पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या धर्तीवरचे एक समूहगान, अशी त्याची घडण आहे. हे समूहगान ऐकताना शे-दीडशे माणसे उभी असावीत असा भास होतो. वस्तुतः गाणारे तिघेच होते: मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. चौथे जॉन डीकन बास गिटार वाजवीत. ध्वनिफितीवर चोवीस पट्टे असत. तिघांनी एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, पुन्हा वेगळ्या सुरात गायची; पट्टे भरले की अनेकांचा मिळून एक करायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आणखी गायचे. असे सुमारे एकशेऐंशी थर चढले, असे सांगतात. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास हे चालले होते. यंत्रातून वारंवार फिरून फीत इतकी झिजली की तिच्यातून पलीकडचे दिसू लागले. त्या प्रचंड समूहात उसना गळा एकही नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी असे आम्हांस वाटते.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी हे गाणे सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीवर, बाजारात आले. गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. आकाशवाणीवर खपणारी गाणी तेव्हा तीनेक मिनिटांची असत. एवढे लांब गाणे कोण वाजवणार, असा जाणत्यांचा होरा होता. लोकांनी तो खोटा ठरवला आणि गाणे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

आता चित्रफितीविषयी. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' ह्या कार्यक्रमात गाजणाऱ्या गाण्याचे कलावंत येत आणि बहुधा मुद्रित गाण्यावर ओठ हलवीत. क्वीनचा दौरा तोंडावर आला होता, ही एक अडचण. दुसरी अडचण अशी की, चार माणसांनी उभे राहून शे-दीडशे आवाजांच्या समूहगानावर ओठ हलवले असते तर ते विनोदी दिसले असते. आणि तो प्रसंग टाळण्याचाही हेतू होता, असे मे ह्यांनी पुढे सांगितले आहे. तेव्हा १० नोव्हेंबर रोजी एल्स्ट्री येथील स्टुडिओत ब्रूस गॉवर्स ह्या दिग्दर्शकाने सुमारे चार तासांत चित्रण उरकले. अंधारातून वर आलेले चार चेहरे हे ह्या चित्रफितीतील दृश्य सर्वांना ठाऊक आहे. ते त्यांच्याच १९७४ सालच्या 'क्वीन टू' ह्या तबकडीच्या वेष्टणावरून घेतलेले आहे. ते छायाचित्र मिक रॉक ह्यांचे. एकच चेहरा मागे मागे असंख्य होत जातो ती करामतही साधीच आहे. कॅमेरा जे दाखवतो तेच ज्या पडद्यावर उमटते, त्या पडद्याकडेच कॅमेरा वळवला. केस कापणाऱ्याच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात आणि त्यांत आपल्या डोक्यांची रांग लागते, तसाच हा प्रकार. दहा दिवसांनी ही चित्रफीत दूरचित्रवाणीवर दिसली.

येथे एखादा चतुर विद्यार्थी आम्हांस अडवील. "सर, त्या चित्रफितीतही ते ओठच हलवतात ना?" होय, हलवतात. ह्या प्रश्नाने आम्हांसही काही दिवस छळले. परंतु चित्रपट पाहणारा मनुष्य हे आपल्यापुढे आत्ता गात आहेत अशी समजूत करून घेत नाही. आरसे-पडद्यांचा तो खेळ खेळ म्हणूनच मांडलेला असतो. रंगमंचाचे तसे नाही. तेथे समोर बसलेल्या माणसाशी करार असतो की, हे जे ऐकू येते ते माझ्या गळ्यातून येत आहे.

आणि हा करार ह्या बँडने रंगमंचावर कसा पाळला ते पाहण्याजोगे आहे. पुढील दौऱ्यांत हे गाणे येई तेव्हा आरंभीचा भाग ते स्वतः गात. समूहगान आले की दिवे मंद होत, चौघेही आत निघून जात आणि फीत वाजे. फीत संपताच ते धावत बाहेर येऊन शेवटचा भाग वाजवीत. चार गळ्यांना जे जमणार नाही ते जमल्याचे सोंग त्यांनी केले नाही. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानातील लाइव्ह एड ह्या प्रचंड समारंभात तर आरंभीचा भाग गाऊन, गिटार वाजवून, समूहगानाच्या उंबरठ्यावरच त्यांनी हे गाणे सोडले आणि दुसरे धरले. कोणाचे काही बिघडले नाही.

पुढे १९८१ साली अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी निघाली आणि गाण्यामागून येणारे चित्र हळूहळू गाण्यापुढे चालू लागले. आज आमचे विद्यार्थी गाणे 'पाहिलेस का?' असे विचारतात, 'ऐकलेस का?' असे नव्हे. २०१९ साली यूट्यूबवर ह्या चित्रफितीच्या दर्शनांची संख्या शंभर कोटींवर गेली. आमची त्याबद्दल तक्रार नाही. आम्हीही त्यांत पाच-दहांची भर घातली आहे. मात्र एकदा डोळे मिटून ऐका.

ह्या मर्क्युरीचे मूळ नाव फारुख बलसारा. पारशी घराण्यातील हा मुलगा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये जन्मला (आपल्या शिक्षकदिनाच्या तारखेस, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो) आणि लहानपणीच आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात येऊन राहिला. तेथेच तो पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गायला आणि चार सोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून शाळेच्या समारंभांत वाजवू लागला. सह्याद्रीच्या माथ्यावरील त्या शाळेत तो पहिल्या दिवशी बेसूर वाजला नसेल, असे कोणी म्हणावे?

आम्ही घरी कोकणी बोलणारे. आमच्या गावी चवथीला घुमट, शामेळ आणि कासाळे घेऊन आरत्या चालतात. आरत्यांची मराठी निम्म्या मुलांना नीट कळत नाही. तरी एकही मूल नुसते ओठ हलवीत उभे राहत नाही, कारण म्हातारी माणसे राहू देत नाहीत. "गाय रे, तोंड धांपून कित्याक रावला?" असे म्हणून आजोबांनी आमच्या पाठीत घातलेला धपाटा आम्हांस आजही आठवतो. आमचा सूर तेव्हाही लागत नव्हता आणि आजही लागत नाही. मात्र त्या धपाट्याने आम्ही गाऊ लागलो. तोच धपाटा देण्याऐवजी आम्ही गेल्या वर्षी एका गाणाऱ्या मुलीला गप्प केले.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ह्यापुढे स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवण्यास परवानगी असू नये. जे येते ते गावे. जे येत नाही ते गाळावे, अथवा दिवे मालवून सरळ फीत लावावी आणि ती फीत आहे हे सांगावे. पालकांनीही मुलगी बेसूर झाली म्हणून शाळेस बोल लावू नये. लावावयाचाच असेल तर आम्हांस लावावा.

दहावीच्या मुलांनी अट मान्य केली आहे. पियानोऐवजी पेटी आहे. मधले समूहगान गाळण्यास मात्र ती तयार नाहीत. तीनच्या जागी सात गळे जमवू म्हणतात. दर शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात तालीम चालते. सर्वांत उंच आवाजासाठी कोणी मिळेना, तेव्हा मुले नववीच्या वर्गात जाऊन गेल्या वर्षीच्या त्या मुलीस विचारून आली. पहिले दोन शनिवार ती आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली आणि दाराशी उभी राहिली. परवा ती गायली. वरचा स्वर अजून पोचत नाही. पुढच्या शनिवारी पेटी एक पट्टी खाली घेऊन पाहणार आहोत.