बीपी माहेरचं, मीठ सासरचं

“आमच्या घराण्यातच बीपी आहे, त्याला काय करणार?” बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य कानावर पडलं नाही असा महिना जात नाही. आईला होतं, मामाला होतं, आता मला आलं. गोळी चालू आहे, पण आठवेल तेव्हा.

पण मैत्रिणींनो, घराण्यातून नेमकं येतं तरी काय? रागीट स्वभाव? अमेरिकेत डॉ. लुईस डाल यांनी उंदरांचे दोन वाण तयार केले होते. खारट खाल्लं की एकाचा रक्तदाब चढायचा, दुसऱ्याचा नाही. १९७०च्या दशकात त्यांनी या उंदरांच्या मूत्रपिंडांची अदलाबदल केली, आणि रक्तदाब मूत्रपिंडामागून गेला! पुढे १९८३ साली तिथल्याच डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. वाढत्या रक्तदाबाने त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्तदाब नसलेल्यांची मूत्रपिंडं बसवल्यावर, सरासरी साडेचार वर्षांनीही, त्यांचा रक्तदाब गोळीशिवाय ठीक होता.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि लिटर-दीड लिटर सोडून बाकी रक्तात परत घेतात. मीठ किती ठेवायचं, किती सोडायचं, हेही त्यांच्याच हाती. काही घराण्यांत ती मिठाच्या बाबतीत जरा चिकट असतात. मीठ राहिलं की पाणी राहतं, दाब वाढतो, तेव्हा कुठे जास्तीचं मीठ बाहेर पडतं. तोच दाब वर्षानुवर्षं मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या खराब करतो. दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून तर गोळी चुकते. सगळं बीपी याच वाटेने येतं असं नाही, पण ही वाट मोठी आहे.

आणखी एक. या गाळण्या बाळ पोटात असतानाच तयार होतात, नंतर नव्या होत नाहीत. कमी वजनाच्या बाळाच्या वाट्याला त्या कमी येतात. गरोदर सुनेने सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायचं, हा वारसाही आपण पुढे देतोच की!

दवाखान्यात “घरात कुणाला बीपी?” असं विचारलं की आपल्या बायका सासू-सासऱ्यांचं सांगतात. अहो, आडनाव बदललं तरी मूत्रपिंड माहेरचंच! माहेरी असेल तर तिशीपासूनच वर्षातून एकदा रक्तदाब मोजायचा, डॉक्टरांना विचारून लघवीतली प्रथिनं तपासायची. कंबरदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून रोज घ्यायची नाही, ती मूत्रपिंडालाही त्रास देते आणि दाबही वाढवते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सपाट चहाचा चमचाही नाही, आणि त्यातच पापड, लोणचं, ठेचा, शेवचिवडा सगळं आलं. सैंधवही मीठच. पोटॅशियमवालं मीठ मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अक्षरओळखही नसलेल्या बायकांना गावची आरोग्यसेविका केलं. त्या रक्तदाब मोजायला शिकल्या. मग आपल्या गटाच्या पेटीत, कर्जाच्या वहीशेजारी, एक यंत्र का नसावं? बैठकीला आल्यावर पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं (हे अवघड जाईल!), मग दंडाला पट्टा बांधायचा आणि आकडा तारखेसह वहीत लिहायचा.