ऑपरेशन केलेला बोका आणि भिंतीवरचा वास

आर्णीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. बोका तीन वर्षांचा, ऑपरेशन होऊन वर्ष झालं. तरी आता दिवाणाच्या पाठीला, दाराच्या पडद्याला आणि भाव वाढेल म्हणून घरात रचून ठेवलेल्या कापसालाही त्याची धार लागते. सासूबाई म्हणतात, “याले पोत्यात घाल अन् अरुणावतीच्या पल्याड सोडून ये.” ऑपरेशनचे पैसे वाया गेले का, असं त्या विचारतात.

नाही, वाया गेले नाहीत. ऑपरेशननं बहुतेक बोक्यांची ही खोड जाते. पण शंभरातले साधारण दहा बोके त्यानंतरही धार मारतात. त्यात सूड नसतो की घाणेरडेपणा नसतो. मनात धास्ती बसली की ‘हे घर माझं’ अशी खूण बोका वासानं करून ठेवतो.

आधी एक गोष्ट नीट पाहा. उभं राहून, शेपूट ताठ करून थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी धार मारली, तर ती खूण. खाली बसून जमिनीवर, गादीवर भरपूर लघवी केली, तर तो प्रश्न वेगळा. वाळूची जागा त्याला आवडत नसेल किंवा दुखणं असेल. आणि बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवी थेंब थेंब होते किंवा होतच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. बोक्याचा लघवीचा मार्ग अरुंद असतो, तो खडा किंवा चिकट बुळबुळीतपणा अडकून तुंबतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. ताबडतोब जनावरांच्या दवाखान्यात न्या. धार मारणारा बोकासुद्धा एकदा डॉक्टरांना दाखवून लघवी तपासून घ्यावी, हे बरं.

आता सफाई. आपला हात पहिल्यांदा फिनेलच्या बाटलीकडे जातो, पण तेच टाळायचं. फिनेल आणि डेटॉलसारखी औषधं मांजराला विषारी असतात. पाय चाटले की पोटात जातात. डांबराच्या गोळ्याही नकोत. अमोनियाचा वास तर मांजराला लघवीसारखाच वाटतो आणि तो पुन्हा तिथेच येतो. कपड्यांचा एन्झाइमवाला साबणचुरा कोमट पाण्यात कालवून जागा धुवा, साध्या पाण्यानं पुसा, वाळली की वरून दवाखान्यातलं स्पिरिट हलक्या हातानं फिरवा. स्पिरिट लावताना चूल, गॅस बंद हवा, खिडकी उघडी हवी आणि रंगाचं नुकसान होत नाही ना हे कोपऱ्यात आधी पाहावं. पडदे, खोळी धुऊन कडक उन्हात वाळवा. भिजलेला कापूस तेवढा बाजूला काढा आणि त्या खोलीचं दार लावूनच ठेवा.

पण नुसतं धुऊन भागत नाही, कारण शोधायला हवं. बहुतेकदा ते खिडकीबाहेर असतं. गल्लीतला दांडगा बोका रात्री ओट्यावर येतो, कूलरच्या ताट्यांवर धार मारून जातो आणि पंखा तो वास घरात ओढतो. तेव्हा बाहेरची भिंत, कूलर आणि उंबराही धुवा, उष्टं-खरकटं अंगणात ठेवू नका, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद लावा म्हणजे बाहेरचा दिसणार नाही. नवं मांजर, नवं बाळ, पाहुणे, रंगकाम, जागा बदललेलं कपाट, यांनीही बोका बिथरतो.

वाळूचं घमेलं जेवणाच्या वाटीपासून लांब, शांत कोपऱ्यात ठेवा. रोज सकाळी काढून साफ करा. मांजरं जितकी, त्याहून एक घमेलं जास्त हवं. धुतलेल्या जागी त्याची खाण्याची वाटी ठेवून पाहा, जेवायच्या जागी मांजर सहसा खूण करत नाही. स्वच्छ सुती फडकं त्याच्या गालांवर हळूच चोळा आणि ते त्या जागेवर फिरवा. गालाचा वास लागला की तिथे ‘आपलं’ वाटतं. मारू नका, नाक घासू नका. धास्ती वाढली की धार वाढते.

एवढं करूनही महिन्याभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे मन शांत करणाऱ्या गोळ्या असतात. त्या त्यांच्याच देखरेखीखाली द्यायच्या. माणसांची पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका, मांजर दगावतं. तालुक्याला लहान जनावरांची सोय नसेल तर यवतमाळ किंवा नागपूरला चौकशी करा; नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे.

आणि सासूबाईंना समजावा. घरचं मांजर नदीपलीकडे उपाशी सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा ठरू शकतो. शिवाय मांजराचं पाप काशीला सोन्याचं मांजर दिल्याशिवाय फिटत नाही, हे त्यांनीच तुम्हाला सांगितलेलं असेल. त्यांच्याकडून एक महिन्याची मुदत मागून घ्या. एका वहीत तारीख, वेळ, जागा आणि त्या दिवशी घरात काय घडलं ते लिहा. दोन-तीन आठवड्यांत कारण त्या वहीतच सापडेल आणि डॉक्टरांनाही तीच वही उपयोगी पडेल.