लेन्स पुसायला ‘सुरक्षित’ रसायन कोणतं? हे उत्तर सारखं का बदलतंय?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च आहे सुमारे २,६०० कोटी रुपये. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अशा वेधशाळेची सगळी भिस्त आरशांवर असते. अमेरिकेतल्या लायगोचे मुख्य आरसे प्रत्येकी ४० किलोचे आहेत. त्यावर धुळीचा कण जरी बसला तरी शक्तिशाली लेझरमुळे तो तापतो आणि आरशाचं कोटिंग खराब होऊ शकतं.

मग असा आरसा पुसायचा कशाने? हाच प्रश्न मायक्रोस्कोप, लेझर मशीन आणि कॅमेरा लेन्स हाताळणाऱ्यांनाही पडतो.

आधीची रसायनं कुठे गेली?

एकेकाळी सीएफसी-११३ हे नाजूक भाग साफ करण्यासाठी आदर्श मानलं जायचं. ते पेट घेत नाही, पटकन उडून जातं आणि डाग ठेवत नाही. पण ते ओझोनचा थर विरळ करतं हे सिद्ध झालं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९६ पासून त्याचं उत्पादन जवळपास थांबवलं.

त्याची जागा काही ठिकाणी एन-प्रोपिल ब्रोमाइडने घेतली. २०२२ मध्ये अमेरिकेने त्याचा समावेश घातक वायुप्रदूषकांच्या यादीत केला. फ्लोरिनयुक्त द्रव ओझोनला धोका पोहोचवत नव्हते, पण ते ‘कायमची रसायनं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीफास गटात मोडतात. ‘नोव्हेक’ द्रव बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२५ अखेरपर्यंत पीफास उत्पादन बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये केली. ट्रायक्लोरोइथिलीन या कर्करोगकारक सॉल्व्हंटवर बंदीचा नियम अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला.

यात एक समान धागा दिसतो. प्रत्येक वेळी नवं रसायन आधीच्या रसायनाची एक अडचण दूर करून आलं आणि दुसरी घेऊन आलं. म्हणून डब्यावर ‘सुरक्षित’ लिहिलेलं असेल, तर पुढचा प्रश्न विचारायला हवा: कुणासाठी सुरक्षित? काचेसाठी, हवेसाठी की पुसणाऱ्या माणसासाठी?

मग आज काय वापरतात?

प्रयोगशाळांमध्ये ॲसिटोन, मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हे तीन द्रव सर्रास दिसतात. ॲसिटोन इतक्या लवकर उडतं की मळ विरघळायच्या आत काच कोरडी होते. म्हणून त्यात मिथेनॉल मिसळतात. पण मिथेनॉल विषारी आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक जणांचा बळी घेतला, त्यामागे हेच मिथेनॉल होतं. ते त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जातं. शिवाय हे तिन्ही द्रव पटकन पेट घेतात. त्यामुळे हवा खेळती हवी, हातमोजे हवेत आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी नको.

प्लॅस्टिकच्या लेन्सला ॲसिटोन लावलं तर ती कायमची धुरकट होऊ शकते. अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रे कोटिंगला घातक ठरू शकतात. उघड्या सोन्याच्या थराच्या आरशाला तर कापूसही लावायचा नसतो.

क्रम महत्त्वाचा

म्हणूनच जाणकार आधी ब्लोअरने कोरडी हवा मारतात. धूळ तशीच ठेवून पुसलं तर तिचेच ओरखडे उठतात. तेवढ्याने भागलं नाही, तरच लेन्सच्या कागदावर सॉल्व्हंटचे मोजके थेंब घेऊन तो एकाच दिशेने ओढतात आणि एक कागद एकदाच वापरतात. लायगोमध्ये एक पॉलिमर द्रव आरशावर लावून वाळवतात आणि नंतर त्याची फिल्म सोलून काढतात. घासण्याचा प्रश्नच येत नाही.

चष्मा किंवा फोनचा कॅमेरा पुसतानाही हाच क्रम लागू होतो: आधी धूळ उडवा, मग मऊ कापड, आणि रसायन अगदी शेवटी. जे वापरावंच लागलं नाही, त्या रसायनाचा धोकाही नाही.