स्वयंसेवक हवेत, पण कशासाठी?

कॉलेजं सुरू झाली की फाटकाबाहेर पत्रकं वाटणारी मुलं दिसू लागतात. ‘चला, देश घडवूया’, ‘बदलाचे शिलेदार व्हा’ आणि खाली क्यूआर कोड. गेल्या आठवड्यात असंच एक पत्रक हाती आलं. संघटना चांगली, हेतूही चांगला. पण नेमकं काम काय, कुठल्या मैदानावर, कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत, यातलं एक अक्षर त्यावर नव्हतं. अकरावीतल्या मुलीनं घरी आईला सांगायचं तरी काय?

‘आजची पोरं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत’ हे वाक्य कार्यकर्त्यांच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. पोरं राबायला तयार असतात. आपण त्यांच्याकडे मागतो काय, तर एक फॉर्म आणि एक लाइक.

राष्ट्र सेवा दल १९४१ साली पुण्यात नव्यानं उभं राहिलं, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, तेव्हा जाहिरातीला पैसा कुठला? संध्याकाळची शाखा हीच जाहिरात. शिट्टी वाजायची, लेझीम घुमायची, गाणी व्हायची आणि जातधर्म न विचारता मुलंमुली एका मैदानात खेळायची. त्या काळात हे दृश्यच बघणाऱ्याला विचारात पाडणारं होतं. पुढे कलापथक निघालं. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसं त्यात रमली. निळू फुले आणि राम नगरकरही त्याच मुशीतले. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, पण त्याआधी त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला होता. गावात सभा झाली की ऐकणाऱ्यापुढे लगेच काम असे: आपल्या गावातलं देऊळ, आपली विहीर खुली करायची. प्रचार ऐकला आणि पुढे काय करायचं हे कळलं नाही, असं तिथे होत नसे.

दुसरं उदाहरण सोमनाथचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात बाबा आमट्यांनी १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तीही ऐन मे महिन्यात! विदर्भातलं ऊन, हातात कुदळ-फावडं, पहाटे उठून श्रमदान. याचं आमिष कुणाला दाखवता येईल? तरी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून तरुण तिथे गेले, आणि घरी परतलेल्यांनी पुढच्या वर्षी मित्रांना धाडलं. कष्ट लपवले नाहीत, म्हणूनच ती हाक खरी वाटली, असं माझं ठाम मत आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात. प्रमाणपत्रासाठी तिथे येणाऱ्या पोरांना काही ज्येष्ठ नाकं मुरडतात. मुरडू नयेत. कुणी कशासाठीही येवो, आल्यावर त्याला काय दिसतं ते महत्त्वाचं.

आणि इथेच बहुतेक ठिकाणी माती होते. नवा मुलगा रविवारी सकाळी येतो, चप्पल काढून कडेला उभा राहतो. जुने कार्यकर्ते आपापसांत हसतखिदळत असतात. कुणी त्याला नाव विचारत नाही, सतरंजीचं दुसरं टोक धरायला बोलावत नाही. तासाभरानं तो मोबाइल काढतो आणि पुढच्या रविवारी फिरकत नाही. अशा मुलासाठी आणखी हजार पत्रकं छापून काही होणार नाही. त्याला हाक मारण्याची जबाबदारी एका माणसावर, नावानिशी, सोपवलेली हवी.

यंदा पत्रक छापायला टाकण्याआधी मित्रांनो, एवढं करा. वरची घोषणा निम्मी करा आणि त्या जागेत लिहा: दर रविवारी सकाळी सात ते नऊ, अमुक वस्तीत, पाचवी-सहावीच्या मुलांना गणित शिकवायचं आहे, मानधन मिळणार नाही. खाली फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर द्या. आणि ज्यानं फॉर्म भरला, त्याला त्याच दिवशी संध्याकाळी फोन करा.